१.० टर्बो घेऊन डीलरकडून ट्युनिंग बॉक्स लावू की सरळ १.५ घेऊ?

घाटवेडा_पुणे:
मंडळी, फोक्सवॅगनची व्हर्टस घ्यायची जवळजवळ ठरलीय, फक्त इंजिनवर अडलोय. १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) ११५ पीएस ताकद आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क, १.५ वाली १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. दोन्हींच्या ऑन रोड किमतीत बराच फरक पडतोय. शोरूममधला सेल्सवाला म्हणतो साहेब १.० घ्या, आम्ही इथेच बॉक्स बसवून देतो, १४० पीएसपर्यंत जाते, वर १७ इंची अलॉय पण देतो, वॉरंटीला काही होत नाही. महिन्यातून दोनदा ताम्हिणीमार्गे गावी जातो, गाडीत आईबाबा, बायको, मुलगा, आणि एसी चालू. बाबांना ओव्हरटेकला गाडी घुटमळली की भीती वाटते. काय करू?

टर्बोलॅग:
"वॉरंटीला काही होत नाही" हे त्याला डीलरशिपच्या लेटरहेडवर लिहून द्यायला सांगा, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हीचा उल्लेख करून. तो बॉक्स करतो काय, तर बूस्ट प्रेशरच्या (टर्बो इंजिनात दाबतो त्या हवेच्या दाबाच्या) सेन्सरकडून येणारा सिग्नल कमी करून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, दाखवतो, मग ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय आणि तो टर्बोला अजून दाबायला लावतो. ताकद वाढते, पण इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), क्लच, पिस्टन सगळं ११५ पीएसचंच राहतं ना! उन्हाळ्यात भरलेली गाडी घाट चढताना तापमान चढतं ते तिथेच. १.५ मध्ये चौथा सिलिंडर आहे आणि कंपनीने सगळं त्या २५० न्यूटन मीटरच्या हिशोबाने बनवलंय. हायवेवर ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना दोन सिलिंडर बंदही होतात, त्यामुळे ॲव्हरेज वाटतं तेवढं कमी येत नाही.

नाशिककर_७७:
माझा अनुभव सांगतो, गाडीचं नाव नको. टर्बो हॅचबॅक होती, डीलरनेच रिमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून दिला, सात-आठ महिने मजा आली मग क्लच घसरायला लागला. वॉरंटीत नेली तर त्याच डीलरचा सर्व्हिसवाला म्हणतो ईसीयूत बदल झालेला दिसतोय, क्लेम होणार नाही. ज्याने बसवला तो माणूस नोकरी सोडून गेलेला आणि बिलावर नुसतं "ॲक्सेसरीज" लिहिलेलं. पैसे गेलेच पण दोन महिने गाडी उभी होती याचा त्रास जास्त झाला. बिलावर नीट लिहून घ्या, एवढं तरी करा.

टेक्सासवाला_मराठी:
इकडे डीलर फिटेड म्हणजे नेहमी वाईटच असं नाही. टोयोटा टंड्रा या पिकअपच्या ५.७ लिटर व्ही८ ला टीआरडीचा (टोयोटाचाच परफॉर्मन्स विभाग) सुपरचार्जर मिळायचा, ३८१ वरून ५०४ हॉर्सपॉवर, आणि टोयोटाच्या डीलरने बसवला तर वॉरंटी कायम. कारण तो पार्ट टोयोटाच्याच पार्ट नंबरचा होता, टोयोटानेच तपासलेला. तुमच्या बॉक्सला फोक्सवॅगनचा पार्ट नंबर आहे का हे विचारा. नसेल तर तो डीलरचा खाजगी व्यवहार, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही.

आरटीओ_मित्र:
कायद्याचं पण बघा. मोटार वाहन कायदा कलम ५२, कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचं वेगळं होईल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच म्हटलंय. इन्शुरन्सला न कळवता इंजिनची ताकद वाढवली तर क्लेमच्या वेळी भांडण ठरलेलं.
डीलरकडून काही घ्यायचंच तर मॅट, सीट कव्हर असलं घ्या. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के रोड टॅक्स बसतो आणि तो गाडीच्या किमतीवर असतो, वेगळ्या बिलावरच्या मॅटवर नाही. अलॉयचं म्हणाल तर २०५/५५ आर१६ टायरच्या जागी २०५/५० आर१७ चा व्यास जेमतेम ५ मिलीमीटरने वाढतो, पण साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) पातळ होते आणि आपले खड्डे माहितीयेत.

घाटवेडा_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज लेटरहेडचं विचारलं, मॅनेजर म्हणाला असं लिहून देता येत नाही, आणि पार्ट नंबरही नाही. शनिवारी १.५ मॅन्युअलची टेस्ट ड्राइव्ह मागितलीय, घरच्या सगळ्यांना बसवून चांदणी चौकाच्या चढावर नेणार आहे. बाबांना पुढे बसवतो.