सिरसीचा बेडर वेष पण बघा

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याबद्दल, म्हणजे तिथल्या मुखवटे घालून देव-दानवांची सोंगं नाचवायच्या उत्सवाबद्दल, एकानं छान लिहिलंय, पण अशी सोंगं आता फक्त तिकडंच उरलीत असं त्यात म्हटलंय, ते काही पटलं नाही बघा. आम्ही खानापूरवाले, आमच्या खालच्या अंगाला कर्नाटकातल्याच सिरसीत होळीच्या आधीच्या रात्रींना बेडर वेष, म्हणजे बेडर जमातीतल्या शिकाऱ्याचं सोंग, निघतो. दरवर्षी नसतो हां, तिथल्या मारिकांबा देवीची जत्रा दर दोन वर्षांनी असते, ज्या वर्षी जत्रा नाही त्या वर्षी हा. मुखवटा नाही यात, तोंडच लालभडक रंगवतात, कापसाच्या जाड मिशा, पाठीवर मोरपिसं, हातात ढाल-तलवार, आणि कमरेचे दोर मागनं दोघं घट्ट धरून असतात कारण हलगी तापली की हा गडी गर्दीवर असा झेपावतो की पोरं किंचाळत पळतात. सिरसीजवळच्या सोंद्याच्या राजवटीतल्या मल्लेश नावाच्या बेडर शिपायाची ही गोष्ट म्हणतात, आधी राखणदार, मग बायाबापड्यांना छळायला लागला आणि त्याला संपवायला रुद्रांबिका नावाची मुलगी पुढं झाली. बोहाड्यात संबळावर देव-दानव दोन्ही नाचतात, इथं सगळा जीव त्या एका दुष्टातच, तरी लोक अर्ध्या रात्रीपर्यंत त्याचीच वाट बघत रस्त्यावर उभे असतात, मला तेच लई भिडतं. मोबाईलवरच्या व्हिडिओत ती धडकी येत नाही, जमलं तर प्रत्यक्षच जा.