मदत हवी आहे : बाल्डर्स गेट या कॉम्प्युटर गेममध्ये पायऱ्यांवरचा मांत्रिक मरतच नाही

राजारामपुरी_७वी_गल्ली
मंडळी लवकर सांगा कुणीतरी, डोकं फिरायची वेळ आलीय. शुक्रवारपासून एकाच जागी अडकलोय. सरायच्या पायऱ्यांवर तो मांत्रिक असतोय, जवळ गेलं की दोन वाक्यं बोलतोय, मग काहीतरी पुटपुटतोय आणि माझी सगळी माणसं सैरावैरा पळत सुटत्यात आणि एकेक करून मरत्यात. पंधरा-वीस वेळा लोड केलं. काय करू?

रंकाळ्याचा_वारा
कुठला भाग भावा? पहिला, दुसरा का तिसरा? लॅपटॉपवर का मोबाईलवर? पार्टीत कोण कोण हाय? एवढं तरी लिही की.

राजारामपुरी_७वी_गल्ली
पहिलाच. एनहान्स्ड एडिशन, लॅपटॉपवर. मी फायटर, संगट चोरीचं काम करणारी इमोएन आणि रस्त्यात भेटलेले झार आणि माँटरॉन.

पाच_सीडीवाला
म्हणजे फ्रेंडली आर्म इन या सरायचा टार्नेश. मी हा गेम मूळ १९९८ च्या सीड्यांवर खेळलोय, पाच सीड्या होत्या, एरिया बदलला की सीडी बदला. तर ऐक. पायऱ्यांजवळ जायच्या आधी माणसं पांगव, घोळक्यानं जाऊ नको, कारण तो जी हॉरर (घाबरवून पळवायचा मंत्र) टाकतोय ती त्या टप्प्यातल्या सगळ्यांना लागते. इमोएनला धनुष्य देऊन लांब उभी कर. त्याचं बोलणं संपलं की त्याच क्षणी स्पेसबार. पॉजमध्येच सगळ्यांना त्याच्यावर लाव, मग सोड. मंत्र म्हणताना त्याला एक जरी बाण लागला तरी मंत्र वाया जातो. इमोएनकडं मॅजिक मिसाईलची (जादूच्या बाणांची) कांडी असते, ती पण वापर. फक्त त्याची मिरर इमेज (स्वतःच्या खोट्या प्रतिमा उभा करणारा मंत्र) पडायच्या आधी, नाहीतर मार खोट्या प्रतिमांवर जातो.

शाहूपुरीची_जादूगार
दादा बरोबर आहेत, पण कांडीवर अवलंबून राहू नका, ती संपते. स्लीप, म्हणजे झोपवायचा मंत्र, शिका. पहिल्या लेव्हलला याच्यासारखा मंत्र नाही, गिबरलिंग राक्षसांची अख्खी टोळी आडवी होते आणि झोपलेल्यावर वार चुकत नाही. मी नॅशकेलच्या खाणीपर्यंत स्लीपवरच गेले.

रंकाळ्याचा_वारा
ताई, एल्फ जमातीवर स्लीप नव्वद टक्के चालत नाही, तेही सांगा. आणि मंत्र एकदा टाकला की परत झोप काढल्याशिवाय मिळत नाही. नवख्यानं धनुष्यच धरावं. चौघांना धनुष्य दिलं की अर्धा गेम तिथंच सोपा.

शाहूपुरीची_जादूगार
बाण संपले की काय करणार? माझ्याकडे दर वेळी संपतात.

उचगाव_एक्सप्रेस
भावा तिसरा भाग घे, २०२३ चा. ग्राफिक्स नाद खुळा. ग्राफिक्स कार्ड कुठलं हाय तुझ्याकडं?

राजारामपुरी_७वी_गल्ली
मी ग्राफिक्सचं विचारलं का? आत्ता परत गेलो. इमोएन लांब ठेवली, पॉज केलं, तरी माझाच माणूस मेला आणि गेम ओव्हर. आधी रस्त्यात लांडग्यानंच अर्धा केला होता. चिलखत तर काढूनच ठेवलंय, घातलं की ए.सी. (आर्मर क्लास, बचावाचा आकडा) दहाचा पाच होतोय.

पाच_सीडीवाला
थांब थांब. चिलखत काढून ठेवलंय?? अरे या गेमात ए.सी. जितका कमी तितका चांगला! एडी अँड डी या फाशांच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे जुने नियम हायत. समोरच्याचा थॅको (हल्ल्याचा आकडा, त्यातून ए.सी. वजा केला की फाशावर किती पडायला हवं ते कळतं) वीस धर. तुझा ए.सी. दहा असेल तर त्याला वीस बाजूंच्या फाशावर दहा किंवा जास्त पडलं की वार लागतो. पाच असेल तर पंधरा तरी पडायला लागतात. म्हणजे अकरा आकडे चालायचे, तिथं सहाच चालतील. ही चूक मीही केली होती, दोन दिवस उघडाच हिंडवला माणूस. आत्ता घाल चेनमेल (कड्यांचं चिलखत), ढाल घेतली तर चार होतोय.

शाहूपुरीची_जादूगार
लांडग्यासाठी ठीक, पण टार्नेशची मॅजिक मिसाईल ए.सी. बघत नाही, ती चुकतच नाही. त्यामुळं चिलखत घातलं म्हणून निवांत राहू नका. मंत्र तोडणं महत्त्वाचं.

पाच_सीडीवाला
ते तर मी पहिल्यांदाच सांगितलं. आणि पायऱ्या चढायच्या आधी क्विकसेव्ह कर, क्यू दाब. कळंब्यात राहायचो तेव्हा ऐन लढाईत लाईट गेली की दोन-दोन तास पाण्यात. डेस्कटॉपला यूपीएस नव्हता. शेवटी भाऊ टाईम लावून दर दहा मिनिटांनी ओरडायचा, सेव्ह कर रे!

उचगाव_एक्सप्रेस
यूपीएस घ्यायचा असला तर लॅपटॉपला लागत नाही हो. बॅटरी असते.

राजारामपुरी_७वी_गल्ली
मारला!! चेनमेल घातलं, इमोएन खाली कोपऱ्यात, झारला दुसऱ्या बाजूला. बोलणं संपलं, स्पेसबार. त्याचे हात वर गेले आणि इमोएनचा बाण लागला, पुटपुटणं बंद. मी पळत जाऊन दोन वार केले. आत खालिद आणि जहिरा भेटले. लई धन्यवाद दादा, ताई. पण आता ती जहिरा माँटरॉनवर चिडालीय, दोघांत कोण ठेवू?

रंकाळ्याचा_वारा
जहिरा ठेव. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) आहे, जखमा भरते, शिवाय लढते.

शाहूपुरीची_जादूगार
माँटरॉन चोर म्हणून चांगला आहे हो. पण चोरीचं काम इमोएन करतेच आहे म्हणा.

राजारामपुरी_७वी_गल्ली
जहिराच. आता बाहेर पडलो आणि माझी तलवार मोडली, नुसतीच मोडली, हे काय?

पाच_सीडीवाला
गेमच्या कथेतच लोखंडाची टंचाई आहे. साध्या तलवारी मोडतात, जादूची मोडत नाही. दोन घेऊन हिंड. कुठं आहेस आत्ता? आणि हातात दुसरं काय आहे?