केर्न्स ते ब्रिस्बेन कॅम्परव्हॅनने, १० दिवस पुरतील का?

खारावारा:
नमस्कार मंडळी, मी आणि नवरा जुलैच्या मध्यात ऑस्ट्रेलियात जातोय आणि क्वीन्सलँडचा किनारा कॅम्परव्हॅनने करायचं डोक्यात आहे. विमानाने केर्न्सला उतरायचं, दोघांपुरती छोटी व्हॅन घ्यायची, ब्रूस हायवेने खाली ब्रिस्बेनपर्यंत यायचं आणि तिथे गाडी परत द्यायची. साधारण १७०० किमी होतात, १० दिवस आहेत, म्हणजे दिवसाला १७० च, म्हणून मला वाटतंय आरामात होईल, पण नवरा म्हणतोय तू नुसता भागाकार केलायस. दोघांनाही व्हॅनमध्ये झोपायची सवय नाही, पहिलीच वेळ. बीचवरच गाडी लावून रात्र काढता येते का? लाटांचा आवाज ऐकत झोपायचं हे माझं कधीपासून मनात आहे. आणि पाण्यात उतरता येतं की मगरी नि जेलीफिश म्हणून नुसतं लांबून बघायचं? भारतातलं लायसन्स चालतं ना? कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

उसाचारस्ता:
याच रस्त्यावरच्या टाऊन्सव्हिलला चार वर्षं राहिलोय, हा रस्ता आम्ही दोघांनी मिळून कितीतरी वेळा केलाय, तेव्हा स्पष्टच सांगतो, ब्रिस्बेन सोडा. केर्न्स ते एअर्ली बीच एवढंच करा, साधारण ६२५ किमी आहे, आणि १० दिवस त्यातच मजेत जातील. रोज १७० किमी ऐकायला कमी वाटतं पण जुलैत तिकडे संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि अंधारात गावाबाहेर व्हॅन चालवायची नाही, वॉलबी (छोट्या कांगारूसारखा प्राणी) आणि कांगारू नेमके तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. बऱ्याच कंपन्यांच्या करारात रात्री गावाबाहेर गाडी चालवली तर इन्शुरन्स मिळणार नाही असं लिहिलेलंच असतं, सही करायच्या आधी तो कागद दोघांनी बसून वाचा. शिवाय ब्रूस हायवे नावाला हायवे, बराचसा भाग दोन्ही दिशांना एकेकच लेनचा आहे आणि जून ते नोव्हेंबर ऊसतोडणीचा सीझन, म्हणजे उसाच्या छोट्या रेल्वे रस्ता ओलांडतात, दोन फुटी रुळांवरून लांबच लांब डब्यांची माळ जाते, लाल दिवे लागले की थांबायचं. मला ते थांबणं फार आवडायचं, खिडकी उघडली की गोड वास येतो.

लायसन्स इंग्रजीत असेल तर चालतं, गाडी आपल्यासारखीच डावीकडून. फक्त मोबाइल हातात धरला किंवा पट्टा नीट लावला नाही तर कॅमेरे टिपतात आणि दंड १००० डॉलरच्या वर आहे. शेजारी बसलेल्याचा पट्टा काखेखालून घेतलेला असेल तरी लागतो बरं का.

बीचवर नुसती गाडी लावून झोपता येत नाही, बहुतेक ठिकाणी तसे बोर्ड असतात आणि दंड होतो. हायवेवरच्या काही रेस्ट एरियात २० तासांपर्यंत थांबू देतात, पण तिथे लाटा नाहीत, ट्रक आहेत. तुम्हाला जे पाहिजे ते अगदी मिळेल, त्यासाठी पाण्याला लागून असलेले कॅरॅव्हॅन पार्क, म्हणजे व्हॅन लावून राहायच्या जागा, बघा, एलिस बीच, एटी बे, मिशन बीच. एटी बेला तर सकाळी कॅसोवरी सरळ वाळूवर फिरताना दिसतो, माणसाएवढा उंच पक्षी, निळी मान. जवळ जायचं नाही, खायला तर अजिबात द्यायचं नाही, तो कायद्यानेच गुन्हा आहे. पण बुकिंग आताच करा, जुलैत शाळांच्या सुट्ट्या असतात आणि दक्षिणेकडची थंडी चुकवायला अर्धा देश वर आलेला असतो.

मीठपाणी:
आम्ही उलट केलं, जानेवारीत गेलो कारण भाडं कमी होतं, आणि म्हणून सांगते की जुलै निवडलात ते फार बरं केलंत. तिकडे पावसाळा जानेवारीतच असतो आणि तेव्हा तिथली रात्र म्हणजे व्हॅनच्या आत ओल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखं होतं. आम्हाला वाटलं एसी आहे ना, पण तो एसी फक्त पार्कमधल्या विजेला जोडल्यावर चालतो, मागच्या बॅटरीवर फक्त फ्रिज, दिवे आणि पाण्याचा पंप. आणि ती बॅटरी गाडी चालली की चार्ज होते, एका जागी दीड-दोन दिवस उभे राहिलात तर फ्रिज बसतो, दुधाचं काय होतं ते तुम्हाला कळेलच. म्हणून दोन रात्री थांबायचं असेल तिथे विजेची जागा घ्या, एक रात्र असेल तर बिनविजेची चालते, पैसे वाचतात.

पावसाळ्यात रस्ताही बंद होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत इंगहॅमजवळ पूर आला तेव्हा ओलेरा क्रीकचा पूल खचून हायवेच तुटला होता. आम्ही गेलो तेव्हा एवढं काही नाही पण एका ओढ्याने दोन दिवस अडकवून ठेवलं होतं.

अजून एक, व्हॅनची उंची कागदावर लिहून स्टेअरिंगसमोर चिकटवा. आम्ही एका झाडाच्या फांदीला छत घासलं आणि ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी सांगितलं की छताचं नुकसान साध्या इन्शुरन्समध्ये येतच नाही, सगळं खिशातून गेलं. तो दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. मग ठरवलं की मागे घेताना किंवा झाडाखाली शिरताना एकाने खाली उतरायचंच, पाऊस असला तरी. त्यानंतर एकदाही भांडण नाही झालं. छोट्या गाडीत हे फार लागतं हो, कोण पाणी भरणार, कोण पलंग लावणार, हे पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाका, कारण एक उभा असेल तर दुसऱ्याला हलता येत नाही.

पाण्याचं: बॉक्स जेलीफिशचा सीझन साधारण नोव्हेंबर ते मे, तेव्हा जाळी लावलेल्या जागेतच पोहायचं आणि तेही अंगभर सूट घालून. बीचवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, डंख झाला तर निदान ३० सेकंद व्हिनेगर ओतायचं आणि ००० या इमर्जन्सी नंबरला फोन. तुमच्या जुलैत हा धोका खूप कमी, पण मगरी बारा महिने. खाडीच्या मुखाशी, बोटी उतरवायच्या जागी जाऊ नका, काठापासून पाच मीटर लांब, आणि तंबू वगैरे लावणार असाल तर पाण्यापासून निदान ५० मीटर. पोहायचं असेल तर केर्न्सला आणि एअर्लीला दोन्हीकडे किनाऱ्यालगत फुकट लगून (पोहण्यासाठी बांधलेले तलाव) आहेत, निर्धास्त डुंबा.

भटक्याजोडी:
मी उसाचारस्ता यांच्याशी थोडा असहमत. एअर्लीला थांबण्याऐवजी अजून जरा खाली केप हिल्सबरोपर्यंत जा, मॅकेच्या अलीकडे आहे. सूर्य उगवताना तिथल्या वाळूवर वॉलबी येतात. त्यासाठी पहाटे उठावं लागतं, पण व्हॅनमध्ये झोपलेल्याला काय, दार सरकवलं की बीच. आम्ही दोघं चहाचा एकच मग घेऊन बसलो होतो, बोललोच नाही अर्धा तास.

खारावारा:
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! नवऱ्याला वाचून दाखवलं, ब्रिस्बेन रद्द. पहिल्या दोन रात्री एलिस बीच, मग दोन एटी बे, पुढचं ठरतंय. पण आता तो म्हणतोय की वर डेनट्रीच्या जंगलातही जाऊ, केर्न्सपासून जवळ आहे. व्हॅन नेता येते का तिकडे?

उसाचारस्ता:
येते. डेनट्री नदीवर पूल नाही, केबलने ओढली जाणारी फेरी आहे, गाडीसकट चढायचं, पाचेक मिनिटांत पलीकडे. केप ट्रिब्युलेशनपर्यंत डांबरी आहे, फक्त मधला घाट अरुंद नि वळणांचा, हळू जा. त्यापुढे ब्लूमफील्ड ट्रॅक सुरू होतो, तो फोर-व्हील ड्राइव्हचाच, तिथे व्हॅन नेऊच नका. पलीकडे मोबाइलला रेंज जवळपास नसते तेव्हा मॅप आधी डाउनलोड करा आणि डिझेल नदीच्या अलीकडेच भरा.

आणि खाली येताना बबिंडाला थांबलात तर बोल्डर्सच्या पाण्यात फक्त आखून दिलेल्या जागेतच उतरा. पुढे डेव्हिल्स पूल आहे, वरून शांत दिसतं पण दगडांच्या खाली ओढ आहे, तिथे बरेच जीव गेलेत, बहुतेक तरुण मुलं. कठड्याच्या आतून बघा आणि पुढे निघा.

खारावारा:
नोंद केली. कठड्याच्या आतूनच. एटी बेच्या पार्कला आज मेल टाकलाय, समुद्रासमोरची रांग मिळाली तर इथे येऊन सांगते.