मदत हवी आहे: आंब्याजवळचा मूग सावलीमुळे खुरटतो की रसायनामुळे?

आंब्याच्या दोन रांगांमधल्या पट्ट्यात मूग पेरला असता खोडाकडच्या ओळी दरवेळी खुरटलेल्या राहतात, याचे कारण शोधण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. सावली आणि पाण्यासाठीची स्पर्धा एवढ्यावर हा प्रश्न सोडून देता आला असता; परंतु उपटून पाहिलेल्या रोपांच्या मुळांवर गाठी मोजक्याच होत्या आणि फोडल्यावर त्या आतून गुलाबी न दिसता हिरवट दिसल्या, म्हणजे नत्र स्थिरीकरण (गाठींतल्या जिवाणूंनी हवेतला नत्र पिकाला मिळवून देणे) जवळजवळ थांबलेले असावे.

अक्रोडाच्या झाडातले जुग्लोन हे रसायन शेजारच्या अनेक वनस्पतींना बाधते, हे आपण जाणताच. अशा रासायनिक प्रभावाला वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये ‘अ‍ॅलेलोपॅथी’ हे नाव दिले. आंब्याच्या पानांतही फिनॉलवर्गीय द्रव्ये (इतर रोपांची वाढ रोखू शकणारी रसायने) भरपूर असतात. म्हणून १० ग्रॅम वाळलेली पाने १०० मिली पाण्यात २४ तास भिजवून, गाळलेला अर्क मुगाच्या बियांना दिला. बी रुजले, पण मूळ आखूड राहिले आणि त्याचे टोक तपकिरी पडले. (अर्थात, इतक्या दाट अर्काचा परासरण दाबही, म्हणजे विरघळलेल्या द्रव्यांमुळे मुळांना पाणी शोषणे अवघड होणे, मुळांना रोखू शकतो, त्यामुळे या निकालावर माझा पूर्ण भरवसा नाही.)

प्रत्यक्ष शेतात सावली, पाणी आणि रसायन यांचे परिणाम वेगवेगळे कसे ओळखावेत? द्रव्ये शोषून घेण्यासाठी मातीत सक्रिय कोळसा कुणी मिसळून पाहिला असल्यास प्रमाण किती ठेवले होते? पालापाचोळा आधी कुजवल्यास त्रास कमी होतो का, आणि मुगापेक्षा चवळी अधिक तग धरते का, हेही कृपया कळवावे.