गव्यापलीकडचे जंगल : कोल्हापूरकरांचे अनुभव

दाजीपूरहून परतलेल्या माणसाला कोल्हापुरात पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, "गवा दिसला का?" एकेकाळी संस्थानची राखीव शिकारभूमी असलेले हे रान १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले, १९८५ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. त्या एका प्रश्नाच्या उत्तरात एवढे मोठे जंगल मावत नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणून आपल्या परिसरातील रानांत, सड्यांवर म्हणजे खडकाळ पठारांवर आणि बांधावर आपण स्वतः काय पाहिले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. गवा वर्ज्य नाही; मात्र तो कसा दिसला, तेही सांगावे.

*राधानगरी तालुक्यातील एक शेतकरी*

मी गव्यापासूनच सुरुवात करतो, कारण आमच्याकडे तो पाहायला जावे लागत नाही. फेब्रुवारीतल्या एका पहाटे उसाला पाणी पाजायला गेलो असताना पाटाच्या वळणावर, पंधरा-वीस पावलांवर, तो उभा होता. आधी दिसले ते फक्त त्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय. वरचे काळे धूड अंधारात मिसळून गेले होते. त्याने मान वर करून नाकातून जोराचा फुसकारा सोडला. वडिलांनी सांगून ठेवले होते की गव्यासमोर पळायचे नाही आणि ओरडायचेही नाही, म्हणून मी खोरे हातात धरून जागीच थांबलो. थोड्या वेळाने त्याच्या मागून आणखी एक आकृती हलली आणि तिच्या पोटाशी तांबूस रंगाचे लहान वासरू दिसले. तिघेही सरीतून निघून गेले. उजाडल्यावर मोडलेला ऊस पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले, हेही लिहिले पाहिजे. पंचनामा झाला, पण भरपाई हाती पडेपर्यंत पुढची लागण उरकली होती. तरीही दोष जनावराचा आहे असे मी म्हणणार नाही. पूर्वी जिथे उंच गवत होते त्या माळांवर आता रानमोडीचे तण माजले आहे आणि ते गुरेही खात नाहीत.

*कोल्हापूर शहरातील एक शिक्षिका*

गेली काही वर्षे मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की, मी राधानगरी परिसरात काजवे पाहायला जाते. एखादे झाड निवडून काजवे त्यावर जमतात आणि एका फांदीवरून सुरू झालेली लुकलुक क्षणात सगळ्या झाडावर पसरते. हा प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना घातलेली साद असते, आणि ज्या अळीपासून हा काजवा घडतो ती आधी बराच काळ ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढलेली असते. म्हणूनच झाडाखाली गाडी नेणे किंवा पाचोळा तुडवणे मला असह्य होते. मागे एकदा एका गाडीचे दिवे थेट झाडावर पडले आणि सगळे झाड विझल्यासारखे झाले. दिवे बंद करण्याची विनंती केल्यावर त्या कुटुंबाने ती लगेच मानली. पुन्हा पहिली लुकलुक सुरू होईपर्यंत आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो.

*पन्हाळा परिसरातील एक वनस्पतिप्रेमी*

मसाई पठार उन्हाळ्यात पाहिलेल्या माणसाला तिथे काही उगवत असेल यावर विश्वास बसणार नाही. जांभ्या खडकावर बोटभर माती, तीही निकस. पावसाळ्यात मात्र याच निकसपणामुळे तिथे वेगळीच सृष्टी अवतरते. जमिनीत नत्र मिळत नाही, म्हणून दवबिंदू ही इवलीशी वनस्पती ते कीटकांपासून मिळवते. गुडघे टेकून पाहिले तेव्हा तिच्या तांबूस पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब चमकत होते आणि त्यांत अडकलेले एक चिलट अजून पाय हलवत होते. शेजारीच सीतेच्या आसवांची जांभळी फुले वाऱ्यावर डुलत होती. तीसुद्धा कीटकभक्षीच, फक्त तिचे सापळे मातीखाली, बारीक फुग्यांच्या रूपात असतात. जिल्ह्यातील सडे बॉक्साइटसाठी खोदले जातात, तेव्हा त्यांना 'पडीक जमीन' म्हटले जाते. हा शब्द मला फार लागतो, कारण एकदा खरवडून काढलेला तो बोटभर थर पुन्हा अंथरता येत नाही.

*दाजीपूर भागातील एक वाटाड्या*

माझे थोडक्यात. आमच्या वाटेवर एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याचे घरटे आहे. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते आणि नर बाहेरून तिला उंबर, नांद्रुकाची फळे भरवतो. दिवसभरात त्याच्या किती खेपा होतात, ते मी एकदा मोजायला बसलो होतो. सातव्या खेपेला त्याच्या चोचीतून एक फळ निसटले आणि माझ्या मांडीवर पडले. मी ते तिथेच मातीत दाबून ठेवले.