‘मिसेस’ला मराठीत काय म्हणू? टेस स्लेसिंजरच्या कथेचा अनुवाद करताना अडलेय

हळदीची_वही (सांगली)

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात २६ वर्षं हिशेब लिहिले, आता घरी असते. विश्रामबागेत आम्हा सात-आठ जणींचा वाचनगट आहे. पुढच्या बैठकीला एक कथा मराठीत करून वाचून दाखवते म्हणून कबूल करून बसलेय आणि शीर्षकावरच अडलेय.

लेखिका टेस स्लेसिंजर, १९०५ साली जन्मलेली, न्यूयॉर्कची. ती आणि तिचा पहिला नवरा हर्बर्ट सोलो तिथल्या डाव्या विचारवंतांच्या गोतावळ्यातले. १९३२ मध्ये ‘स्टोरी’ मासिकात तिची ‘मिसिस फ्लिंडर्स’ छापून आली. १९३४ ला ‘द अनपझेस्ड’ ही कादंबरी निघाली, तिचं शेवटचं प्रकरण म्हणजे हीच कथा. कादंबरीभर मंडळी एक क्रांतिकारी मासिक काढायचं म्हणून चर्चा करतात, आणि चर्चा काही संपत नाही. शेवटी मार्गारेट फ्लिंडर्स गर्भपात करून इस्पितळातून बाहेर पडते. मूल झालं की पैशामागं धावणं आलं, स्वतंत्र विचार संपला, असं नवऱ्याचं म्हणणं. सोबत काय, तर फळांची टोपली.

मला ही कथा का लागली ते सांगते. माझे वडील लाल बावट्याचे. सोप्यात बैठका व्हायच्या, दहा-बारा माणसं रात्री उशिरापर्यंत. घरात कप नऊच होते. आई पहिली फेरी द्यायची, दाराआड थांबायची, कप परत आले की विसळून दुसरी. वडील भला माणूस, बायकांच्या हक्कांवर तळमळीनं बोलायचे. पण आईला त्या सोप्यात बसलेलं मी एकदाही बघितलं नाही. कथा वाचताना ते नऊ कपच डोळ्यापुढं आले.

आता अडचण. मूळ शीर्षकात सरळ ‘Mrs.’ नाही, तोंडी हाक मारतात तसं ‘Missis’ लिहिलंय. ‘श्रीमती’ म्हटलं तर सरकारी कागद वाटतो, ‘फ्लिंडर्सबाई’ म्हटलं तर शाळेतल्या बाई. दुसरं, मी सुरुवातीलाच लिहून गेले: ‘ओटीत फळांची टोपली धरून ती पायऱ्यांवर उभी राहिली.’ लिहिलं आणि अंगावर काटा आला. ठेवू का?

मिरज_रात्रपाळी

ताई, मी प्रसूती वॉर्डात ३१ वर्षं काढली, निवृत्त सिस्टर आहे. आम्ही केसपेपरवर ‘सौ.’ लिहायचो. ‘सौ. फ्लिंडर्स’ करा. त्या एका अक्षरात नवरा आला, सासर आलं, आणि बाईचं नाव तेवढं राहून गेलं. लग्नपत्रिकेवरही तेच.

तुमची पोस्ट वाचून नातवाकडून मूळ कथेची सुरुवात वाचून घेतली. त्यातली नर्स निरोप देताना मार्गारेटनं दिलेल्या मोज्यांबद्दल आभार मानते, आत वळते आणि तिला कायमची विसरते. हे अगदी खरं लिहिलंय हो. मला किती जणींनी नारळ दिले, ब्लाउजपीस दिले. घेताना हसायचे आणि लक्ष पुढच्या खाटेकडं. बाळ घेऊन जाणारीच्या मागं दहा माणसं असायची, शाल, टोपरं, दृष्ट काढणं. पिशवी साफ करून घेतलेली बाई मात्र जाळीच्या पिशवीत दोन मोसंबी आणि औषधाची चिठ्ठी घेऊन एकटी रिक्षा बघत उभी. त्यांच्यातल्या एकीचंही नाव आठवत नाही मला. काल रात्रभर आठवायचा प्रयत्न केला.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

अनुवादाला टिपण जोडणार असाल तर टेसचं पुढचं आयुष्य गाळू नका. १९३५ मध्ये ती हॉलिवूडला गेली. ‘द गुड अर्थ’ (१९३७) च्या पटकथाकारांत तिचं नाव आहे. पुढं फ्रँक डेव्हिसशी लग्न केलं, दोघं मिळून पटकथा लिहायची. पटकथालेखकांच्या संघटनेसाठीही ती झटली. दोघांनी लिहिलेल्या ‘डान्स, गर्ल, डान्स’ (१९४०, दिग्दर्शक डोरोथी आर्झनर) मध्ये नाचणारी मुलगी मध्येच थांबते आणि समोर पैसे देऊन बघायला बसलेल्या पुरुषांना तुम्ही आम्हाला कसे दिसता ते तोंडावर सुनावते. हा प्रसंग मी किती वेळा बघितलाय याला मोजदाद नाही. ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ ही तिची शेवटची पटकथा. फेब्रुवारी १९४५ मध्ये कर्करोगानं ती गेली, वय ३९. त्या पटकथेचं ऑस्कर नामांकन तिच्या पश्चात आलं.

सिनेमात गेली म्हणजे चळवळ सोडली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आपल्या वाटेगावच्या अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, म्हणून त्यांचा डावेपणा उणा झाला का?

आणि टोपलीबद्दल, मूळ परिच्छेद पुन्हा बघा. टोपली तिच्या हातात नाही. शेजारी, पायरीवर आहे. दोघी उन्हात वाट बघत थांबल्यात आणि जायची घाई दोघींनाही नाही, असं लिहिलंय.

द्राक्षबाग_तासगाव

‘ओटी’ काढाच. ओटी एक बाई दुसरीची भरते, तोंडानं आशीर्वाद असतो. इथं भरणारं कोण आहे? माझ्या मोठ्या जावेचं असंच झालं होतं, घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्याशी न बोलता पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. फळं नुसती फळं राहू द्या, वाचणारीच्या मनात ओटी आपोआप येईल.

हळदीची_वही (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, शीर्षक ‘सौ. फ्लिंडर्स’च. तुमचा प्रतिसाद गटात वाचून दाखवू का? परवानगी द्या.

साताऱ्याचे दादा, चूक पकडलीत. ओटीच्या ओढीनं मी टोपली उचलून तिच्याकडं दिली होती. पुन्हा पहिल्यापासून केलं. इंग्रजीत टोपलीला बाई म्हणायची सोय नाही, आपल्याकडं ती आधीच बाई आहे, त्यामुळं ‘दोघी’ हा शब्द न शोधता मिळाला. आता पहिली ओळ अशी झालीय:

‘मार्गारेट आणि फळांची टोपली, दोघी पायरीवर थांबल्या होत्या.’