मदत हवी आहे : लातूरला पोरगी रात्रभर जागीच, पहाटे छातीत धडधड

मांजराकाठ
पोरगी लातूरला ठेवलीय. दोन महिने झाले, रात्री झोप येईना. पहाटे तीन-चारला फोन करती, "बाबा, छातीत धडधडायलंय, हाताला मुंग्या यायल्यात." ईसीजी काढला, चांगला आला. डॉक्टरांनी रात्रीची अर्धी गोळी लिहून दिली, मी अजून आणली नाही. सवय लागती का, एवढंच सांगा. रविवारी तिच्याकडं जायचंय.

पूर्णाकाठचा
वय? कितवीला? गोळी कोणती? होस्टेल की रूम? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

तुळजाई
गोळी अजिबात नको दादा. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळा. माझ्या लेकाला त्यानंच झोप लागली.

मांजराकाठ
लातूरला पोरं कशाला जातात हे सांगावं लागतं का? नीट, डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा. रिपीट करायलीय, 17 पूर्ण. रूमवर तिघीजणी. गोळी क्लोनाझेपाम. ताई, तिथं तूप चोळायला कोण आहे?

औषधदुकान_उदगीर
ही घबराट कमी करून झोप आणणाऱ्या गटातली. या गटातल्या गोळ्यांची सवय लागते. रोज घेतल्या तर काही आठवड्यांतही, आणि मग एकदम बंद करता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सुस्ती राहते, पाठांतरावर परिणाम होतो. पण कधी कधी थोड्या दिवसांसाठी गरज असते. किती दिवस द्यायची, हे लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं का? धडधड त्यानंही होते.

निवृत्त_मास्तर
रात्री नवाला दिवा बंद, पहाटे चारला उठायचं. आम्ही कंदिलावर शिकलो, कुणाला धडधड झाली नाही.

रिपीटर_होते
सर, या वयात झोप आणणारं मेलाटोनिन तास-दोन तास उशिरा सुटतं. नवाला आडवं केलं तर ती छताकडं बघत मार्कांची बेरीज करत पडणार, आणि चारला उठवलं की पाच तासही भरणार नाहीत. 13 ते 18 वयात आठ ते दहा तास लागतात. झोप तुटली की मेंदूतला भीतीचा भाग जास्त भडकतो आणि त्याला आवरणारा पुढचा भाग ढिला पडतो. मग टेस्टला वीस मार्क गेले तरी सगळं संपलं असं वाटतं, आणि त्या भीतीनं पुन्हा झोप नाही. मी यातून गेलेय.

आमच्या रूमवर तिघींत एक ट्यूबलाइट. एक बारापर्यंत वाचायची, दुसरीचा गजर चारचा. मी डोळ्यावर ओढणी बांधून पडायचे. अकराला टपरीवरचा चहा, त्यातलं निम्मं कॅफिन पहाटेपर्यंत अंगात. मग दुपारी क्लासवरून आले की दोन ते पाच गाढ झोप. आणि नीटचा पेपर दुपारी 2 ला सुरू होतो! काका, ती दुपारी झोपते का?

निवृत्त_मास्तर
मेलाटोनिन आमच्या वेळीही असेलच की. शिस्त गेली, हे खरं कारण.

निलंगेकर
विषय निघालाच आहे तर, लातूरला मुलींसाठी चांगली मेस कुठली? महिन्याला किती घेतात?

बीडची_ताई
मास्तर, राहू द्या. मी मुलींसोबतच काम करते. दादा, दोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? जगावंसं वाटत नाही, असं काही बोलती का? सरळ विचारा. विचारल्यानं तसलं डोक्यात येत नाही, उलट तिला मोकळं वाटतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. नंबर तिलाही द्या.

मांजराकाठ
दुपारी झोपती, हो. क्लास सुटला की थेट संध्याकाळी उठती.

दोन महिन्यांपूर्वीचं आत्ता आठवलं. सोयाबीन पाण्यात गेलं, फीचा दुसरा हप्ता राहिला होता. तिच्याशी बोलून झालं, पण फोन कट झाला नव्हता. मी हिला म्हणलं, औंदा नंबर लागला नाही तर माती झाली. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता. तिनं ते कधीच काढलं नाही, मीही नाही.

रविवारची वाट बघत नाही. उद्या सकाळच्या एसटीनं निघतोय. हप्त्याचं मी बघतो, तुझं नाही ते, एवढं आधी सांगतो. मग दोघं मिळून डॉक्टरकडं जातो.

औषधदुकान_उदगीर
जाताना चिठ्ठी आणि ईसीजी सोबत ठेवा. थायरॉइडचं अजून सांगितलं नाहीत.